एका पाठाचे सहा तुकडे: गावातली आणि कोपीवरची मुलं एका वर्गात कशी मिसळतात

दिवाळीची सुट्टी संपते, साखर कारखान्याची धुराडी पेटतात आणि आमच्या पटावर नावं वाढतात. बीड, जालना, पाथर्डीकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात. गावाबाहेरच्या माळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. आठ-पंधरा दिवसांत त्या कोप्यांवरची दहा-अकरा वर्षांची मुलं थोरल्या भावंडाच्या मागं मागं येऊन वर्गाच्या दारात थांबतात. मी कृष्णाकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला शिकवते आणि असे अठरा हंगाम पाहिले आहेत. त्यातले पहिले पाच-सहा हंगाम माझं काय चुकतंय ते मला कळत नव्हतं. पुढं जे कळलं ते इथं लिहिते, म्हणजे या पट्ट्यात नव्यानं रुजू झालेल्या शिक्षकाची तेवढी वर्षं वाया जाणार नाहीत.

आधी एक प्रसंग. गावातल्या एका मुलीची कंपास पेटी हरवली. मी विचारायच्या आतच चार-पाच बोटं एका कोपऱ्याकडं वळली, जिथं कोपीवरची मुलं बसत. त्यांची दप्तरं तपासायची मागणी झाली. मी तपासली नाहीत, पण मागणी करणाऱ्यांना थांबवलंही नाही. तीन दिवसांनी पेटी त्या मुलीच्या घरी बाजेखाली सापडली. त्याच आठवड्यात गावातल्याच एका मुलाच्या दप्तरात दुसऱ्याचं पुस्तक निघालं. तेव्हा सगळे म्हणाले, "चुकून आलं असंल, बाई."

दोन्ही वाक्यं मी वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवली. आपल्यातल्याकडून चूक झाली की ती चुकून होते. त्यांच्यातल्याकडून झाली, किंवा झाली असं नुसतं वाटलं, की ती त्यांची जातकुळी ठरते. थॉमस पेटिग्रू या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७९ मध्ये हीच खोड नेमकी मांडली होती. तुमच्या वर्गात काय शिजतंय हे पाहायचं असेल तर पहिले आठ दिवस एवढंच करा: मुलं 'चुकून' हा शब्द कुणासाठी वापरतात आणि 'ती तसलीच' कुणासाठी, ते टिपून ठेवा.

दुसरी मोजणी चिठ्ठीची. प्रत्येकानं तीन नावं लिहायची, ज्यांच्याबरोबर खिचडी खायला बसायला आवडेल अशी. चिठ्ठी घडी घालून थेट माझ्या हातात. कुणालाही निकाल सांगायचा नाही, अगदी कौतुकानंही नाही. महिन्या-दोन महिन्यांनी तीच चिठ्ठी पुन्हा घ्यायची. आपला उपाय लागू पडतोय की आपल्यालाच बरं वाटतंय, हे त्यावरून समजतं.

खोड येते कुठून

मुलं वाईट घरातून येतात म्हणून असं वागतात, हा माझा समज होता. तो हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगानं मोडला. ताजफेल पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू. त्याचं जवळजवळ सगळं कुटुंब नाझींच्या हत्याकांडात गेलं. पुढं इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये काम करताना त्यानं चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना काही चित्रं दाखवली आणि सांगितलं, तुला क्ली या चित्रकाराची चित्रं आवडतात, तुला कँडिन्स्की या चित्रकाराची. प्रत्यक्षात ही वाटणी नुसती चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. आपल्या गटात आणखी कोण आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग प्रत्येकाला एकट्याला बसवून इतरांना गुण वाटायला दिले. त्या गुणांचे पैसे मिळणार होते, पण वाटणाऱ्याला स्वतःला काहीच नाही. तरी मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. त्याहून वाईट म्हणजे आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण दुसऱ्या गटाच्या वर राहिलं पाहिजे, अशी वाटणीही पुष्कळदा झाली. हे १९७० साली छापून आलं.

चित्रांच्या आवडीवरून एवढं होत असेल, तर आमच्या वर्गात कोपी आहे, जात आहे, तेल न लावलेले केस आहेत, आणि सगळ्यात आधी कानावर पडते ती बोली आहे. आमच्याकडं 'का' म्हणतात, त्यांच्याकडं 'कामून'. पहिल्या दिवशी कुणी 'कामून' म्हटलं की वर्ग हसतो आणि ते मूल पुढं आठवडाभर तोंड उघडत नाही.

म्हणून दोष द्यायला मुलं शोधू नका. रेघ कुठं कुठं ओढली जाते ते शोधा. त्यातल्या पुष्कळ रेघा आपणच ओढतो. 'ऊसतोडीची मुलं उभी राहा' असं हजेरीला म्हणणं ही रेघ. त्यांना वर्गासमोर बोलावून स्वेटर वाटणं आणि फोटो काढणं ही तर ठळक रेघ. स्वेटर जरूर द्या, पण शाळा सुटल्यावर, पिशवीत घालून.

एक सावधगिरी. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या रायसव्हिल गावात जेन इलियट या शिक्षिकेनं एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर, तिसरीच्या मुलांना डोळ्यांच्या रंगावरून वेगळं काढून एकदा निळ्या डोळ्यांना श्रेष्ठ आणि एकदा तपकिरी डोळ्यांना श्रेष्ठ ठरवलं. प्रशिक्षणात हा प्रयोग ऐकून काही शिक्षकांना तो करून पाहावासा वाटतो. करू नका. ज्या मुलाला रोज कमी लेखलं जातं त्याला ते कसं असतं हे शिकवायची गरज नाही, आणि बाकीच्यांना शिकवण्यासाठी त्याच्यासमोर असा खेळ मांडणं मला क्रूर वाटतं.

रस्सी तीच

माझी दुसरी मोठी चूक म्हणजे सामने. मुलं खेळता खेळता एक होतील म्हणून मी गाव विरुद्ध कोपी असा कबड्डीचा सामना लावला. कोपीवरची मुलं जिंकली. संध्याकाळी ओढ्याजवळ दगडफेक झाली आणि एका मुलाच्या भुवईला टाके पडले.

मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञानं हे १९५४ सालीच दाखवून दिलं होतं. ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह या जंगली उद्यानात त्यानं अकरा वर्षांच्या आसपासची २२ मुलं उन्हाळी शिबिराला नेली. सगळी सारख्याच घरांतली, एकमेकांना अनोळखी. त्यांचे दोन गट केले. एकानं नाव घेतलं 'रॅटलर्स', दुसऱ्यानं 'ईगल्स'. मग बेसबॉल, रस्सीखेच, बक्षिसं. काही दिवसांतच झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी, शिवीगाळ. त्यानंतर शेरीफनं दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला. जेवताना त्यांनी एकमेकांवर अन्न फेकलं. सगळ्यांना एका पंगतीला बसवलं की झालं, असं मानणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं.

तिढा सुटला तो गरजेनं. शिबिराचं पाणी बंद पडलं आणि बिघाड शोधायला सगळ्यांना जावं लागलं. मग जेवण आणायला निघालेला ट्रक सुरू होईना. तेव्हा रस्सीखेचीचीच रस्सी बांधून दोन्ही गटांनी मिळून तो ओढला. एकदा ओढून सगळं मिटलं नाही. अशी कामं एकामागून एक येत गेली, तेव्हा हळूहळू वैर ओसरलं. परतताना बरीच मुलं एकाच बसनं जायचं म्हणाली.

क्रिकेटबाबतही हेच दिसलं आहे. अर्थतज्ज्ञ मॅथ्यू लो यांनी उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या १,२६१ तरुणांवर एक प्रयोग केला. काहींना मिश्र संघांत घेतलं, काहींना घेतलं नाही. एका संघात एकत्र खेळलेल्यांची दुसऱ्या जातीत मैत्री वाढली. समोरासमोर उभ्या राहिलेल्यांच्या बाबतीत परिणाम बहुतेक उलट होता. तेव्हा मैदानावर उतरवायचंच असेल तर संघ मिश्र करा, आणि संघांची नावं गावांवरून, वस्त्यांवरून ठेवू नका. आमच्याकडं आता संघांची नावं नद्यांची असतात.

पहिला आठवडा: पाणी, जागा, नाव

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. वर्गात आपल्याला वेगळ्या गोणपाटावर बसावं लागे आणि शिपाई नसला तर पाणी मिळत नसे, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. आमच्याकडं कोपीवरची मुलं साधारण याच सुमारास येतात. म्हणून ७ नोव्हेंबरला भाषण मी पाच मिनिटांत उरकते आणि बाकीचा वेळ पाण्याच्या टाकीपाशी घालवते. तांब्या कोण उचलतं, कोण ओंजळ धरतं, कोण मागं उभं राहतं ते पाहते. पाणी वाटायची पाळी लावायची, ती हजेरीच्या क्रमानं. कुणी टाळली तर भाषण द्यायचं नाही, पाळी पुन्हा त्याच्यावरच आणायची.

खिचडीच्या रांगेतही हजेरीचाच क्रम. पंगतीत जागा रोज दोन घरं पुढं सरकते. कोपीवरच्या मुलीबरोबर धाकटं भावंड येतं. त्याला वर्गात बसू द्या, खडू द्या, नाहीतर ती मुलगीच येणार नाही. आणि नाव. पहिल्या दिवशी प्रत्येक नव्या मुलाचं नाव आणि गाव मोठ्यानं विचारा आणि पुढं तेच वापरा. 'कोयत्याची पोरं' हा शब्द शिक्षकांच्या खोलीतही बंद झाला पाहिजे, कारण भिंती पातळ आहेत.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये सांगितलं होतं की दोन गटांच्या भेटीनं आकस कमी व्हायचा असेल तर चार गोष्टी हव्यात: दर्जा सारखा, ध्येय एक, काम एकमेकांच्या मदतीनं आणि वरच्यांचा पाठिंबा. पुढं पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र तपासले. चारही गोष्टी असल्या तर गुण अधिक येतो, पण एखादी नसली तर सगळं फुकट जातं असं नाही, हे त्यांना दिसलं. आमच्यासारख्या अर्धवट सोयींच्या शाळेला हा मोठा दिलासा आहे.

पाठ कापायचा कसा

मुख्य काम हे. पद्धत मानसशास्त्रज्ञ इलियट ॲरन्सन यांची. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली आणि मारामाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा त्यांनी ती काढली. वर्गात बसून पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मारामारी व्हायच्या आधीच स्पर्धा सुरू असते. बाई प्रश्न विचारतात, हात वर होतात, एकाला संधी मिळते, बाकीचे हिरमुसतात आणि तो चुकला की खूश होतात. जिथं दुसऱ्याच्या चुकीतच आपला फायदा असतो तिथं मैत्री कशी होणार? म्हणून त्यांनी पाठच तुकड्यांत वाटला: प्रत्येकाकडं एक तुकडा, बाकीचे गटातल्या दुसऱ्यांकडून ऐकूनच मिळायचे.

मी हे असं करते. ३० मुलं, त्यातली १० कोपीवरची. सहा-सहांचे पाच गट, प्रत्येकात कोपीवरची दोन. एकटं मूल घालू नका, ते बुजतं आणि गटही त्याला 'त्यांचा माणूस' म्हणून बघतो. जिवलग मित्र आणि हाडवैरी, दोन्ही पहिल्या खेपेला वेगळे ठेवा. गट शिक्षकानंच पाडायचे.

मग सहा तुकडे. पाठ्यपुस्तकातला पाठ चालत नाही, कारण तो सगळ्यांच्या दप्तरात असतो. मी सावित्रीबाई फुल्यांचं चरित्र स्वतः लिहून कापलं. पहिल्या तुकड्यात नायगाव, १८३१ चा जन्म आणि १८४० चं लग्न. दुसऱ्यात जोतिरावांकडून शिकणं. तिसऱ्यात १८४८, भिडेवाड्यातली शाळा आणि अंगावर फेकलेलं शेण. चौथ्यात बालहत्या प्रतिबंधक गृह आणि दत्तक घेतलेला यशवंत. पाचव्यात १८७३ चा सत्यशोधक समाज आणि जोतिरावांच्या अंत्ययात्रेत स्वतः टिटवं (प्रेतापुढं न्यायचं मडकं) धरणं. सहाव्यात प्लेगच्या साथीतली सेवा आणि १० मार्च १८९७ चा मृत्यू. प्रत्येक तुकडा आठ-नऊ ओळींचा, दुसऱ्याशिवाय अपुरा. वाचायला कच्च्या मुलाला सोपा तुकडा देऊ नका. त्याला कळतं, आणि गटालाही.

विषय निवडताना मी एकदा चुकले. ऊसतोडीवरचा पाठ घेतला, म्हटलं ही मुलं त्यात पुढं येतील. झालं असं की सगळे म्हणू लागले, "तू कोयत्याचा ना, तूच सांग." ज्या चौकटीतून त्याला बाहेर काढायचं होतं, त्याच चौकटीत मी त्याला आणखी घट्ट बसवलं. विषय दोघांनाही सारखाच लांबचा घ्या.

तुकडा मिळाल्यावर मूल लगेच गटात बोलत नाही. आधी सारख्या तुकड्याची पाचही मुलं एकत्र बसतात आणि वाचतात, अवघड शब्द विचारतात, एकमेकांना सांगून बघतात. याला पंधरा ते वीस मिनिटं द्या. वेळ नाही म्हणून हे टाळलं तर सगळी पद्धत कोसळते. अडखळत वाचणारं मूल तयारीशिवाय गटापुढं उभं राहिलं तर 'ह्यांना येत नाही' हे आपणच सिद्ध केल्यासारखं होतं. तयारी झाली की मूळ गटात परत. कागद पालथे. प्रत्येकानं आपला तुकडा तोंडी सांगायचा, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. शेवटी सहाही तुकड्यांवर परीक्षा, ज्याची त्यानं सोडवायची, ज्याचे मार्क त्याला. कुठला गट पहिला, हे फळ्यावर कधीही लिहायचं नाही.

पहिले दहा दिवस

ते वाईट जातात. समाधानच्या वाट्याला तिसरा तुकडा आला होता (मुलांची नावं बदलली आहेत). तो म्हणाला, "त्यांच्या अंगावर शेण फेकायचे. कामून, तर पोरींला शिकवित्यात म्हणून." 'कामून'ला गट हसला. समाधान गप्प झाला, कागदाकडं बघत राहिला.

अशा वेळी 'असं हसू नये' म्हणू नका. मी वर्षानुवर्षं म्हटलं, काही उपयोग झाला नाही. ऑस्टिनच्या वर्गात सांगायचे तेच सांगा: परीक्षेला वीस मिनिटं आहेत, तिसरा तुकडा फक्त याच्याकडं आहे, हसून तो तुम्हाला मिळणार नाही. एवढं बोलून पुढच्या गटाकडं जायचं, तिथं रेंगाळायचं नाही. त्या दिवशी त्या गटाला तिसऱ्या तुकड्यावरचे प्रश्न आले नाहीत. पुढच्या आठवड्यात गटातल्या, गावच्या श्रेयानं त्याला विचारलं, "शेण टाकलं तर मग त्या काय करायच्या?" तो म्हणाला, "एक लुगडं जास्तीचं न्यायच्या संगं. शाळंत जाऊन बदलायच्या." नीट प्रश्न विचारला की नीट उत्तर मिळतं, हे त्या मुलीला कळलं. समाधान हुशार झाला नव्हता, आधीच होता. त्याला बोलतं करायला गट शिकला.

आठवड्यातून तीन तास, किमान सहा आठवडे. यापेक्षा कमी करणार असाल तर सुरूच करू नका, कारण पहिल्या दहा दिवसांचा कडवटपणा तेवढा पदरात पडेल. जानेवारीत एकदा मैदानावर श्रेया कुणावर तरी ओरडत होती, "कामून पळतोयस?" कुणी हसलं नाही.

पालक आणि मोठे गुरुजी

एक पालक शाळेत आले. "बाई, आमच्या पोरीला त्यांच्यात कशाला घालताय? दुसरा गट द्या."

मी म्हटलं, "दादा, तिचे मार्क तिलाच मिळणार आहेत. पण पाठाचा तिसरा भाग त्या पोराकडं आहे. तिला तिथनं उठवलं तर तिचंच नुकसान."

त्यांना पटलं नाही. तेवढ्यात मुख्याध्यापक बाहेर आले आणि म्हणाले, "शाळेत गट बाई पाडतात." आवाज न चढवता, एवढंच. ते वाक्य मिळवायला मी दिवाळीआधीच त्यांच्याशी बोलून ठेवलं होतं. तुम्हीही तसंच करा. तक्रार आल्यावर समजवायला गेलात तर उशीर होतो.

गटाच्या बाहेर

इथं प्रामाणिकपणे एक मर्यादा सांगायला हवी. साल्मा मूसा यांनी उत्तर इराकमध्ये आयसिसमुळं विस्थापित झालेल्या ख्रिस्ती खेळाडूंच्या फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू घातले. २०२० मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले. मैदानावर फरक पडला. मिश्र संघांतले खेळाडू पुढंही मुस्लिम खेळाडूंबरोबर सराव करत राहिले. पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांशी त्यांचं वागणं फारसं बदललं नाही. माझ्या वर्गातही तेच. 'समाधान चांगला आहे, बाकीची तसलीच' हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे.

यावर माझ्याकडं दोनच उपाय आहेत. दर तीन आठवड्यांनी गट बदला, म्हणजे एकाच मुलाची ओळख अपवाद म्हणून बाजूला पडत नाही. आणि काम वर्गाबाहेर न्या. आमच्या परसबागेला पाणी ओढ्यातून आणावं लागतं. एक गावातलं, एक कोपीवरचं अशी साखळी लावतो आणि बादल्या हातोहात येतात. मेथी खरंच वाळत होती, म्हणून ते काम मुलांनी मनापासून केलं. खोटं काम मुलं लगेच ओळखतात.

शाळेशी संबंध नसलेल्यांनी भिवंडीकडं पाहावं. १९८४ च्या भीषण दंगलीनंतर तिथं पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यात हिंदू-मुस्लिम रहिवासी आणि पोलीस नेमानं भेटत आणि गल्लीतल्या साध्या तक्रारींवर बोलत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. भेटीगाठी दंगलीच्या बऱ्याच आधी सुरू झालेल्या होत्या, म्हणून त्या दिवशी कामाला आल्या.

टोळी उठते तेव्हा

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मुलं जातात. मार्चमध्ये, कधी फेब्रुवारीतच, कधी एका रात्रीत. सोमवारी गटात चारच जण असतात आणि दोन तुकडे कुणाकडंच नसतात. गावातल्या मुलांना तेव्हा फसवल्यासारखं वाटतं आणि कमावलेलं विरून जातं.

म्हणून फेब्रुवारी लागला की एक नियम करते. प्रत्येक तुकड्याचा एक वारस. मूळ गटात कोपीवरच्या मुलानं आपला तुकडा शेजारच्याला नीट सांगायचा आणि कागदावर त्या शेजाऱ्याचं नाव लिहायचं. शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत दाखवायचं कार्ड) भरताना मी त्या मुलाच्या हातात उरलेल्या पाचही तुकड्यांच्या प्रती देते, कार्डाच्या आत घडी घालून. गावाकडच्या शाळेत त्याला विचारतील तेव्हा त्याच्याकडं अख्खा पाठ असावा. गेल्या मार्चमध्ये समाधानच्या टोळीचा ट्रॅक्टर पहाटे निघाला. सकाळी श्रेयानं त्याचा कागद आणून माझ्या टेबलावर ठेवला. मागं तिचं नाव होतं, त्याच्या अक्षरात, वेलांटी चुकलेली. ती म्हणाली, "बाई, ह्यो तुकडा आज मी सांगते. दिवाळीनंतर त्यो आला की त्याला परत देऊ."